१८ माना आणि सगळ्यांची हेल्थ सारखी: स्प्लिंटरलँड्समधल्या एका लढतीचा अभ्यास

स्प्लिंटरलँड्स या डिजिटल कार्ड गेममध्ये लढत सुरू झाली की खेळाडूच्या हातात काहीच उरत नाही. एक समनर (स्वतः न लढता टीमना बोनस किंवा तोटा देणारं कार्ड) निवडायचा, त्याच्यासोबत जास्तीत जास्त सहा मॉन्स्टर, म्हणजे लढणारी कार्डं, रांगेत लावायचे आणि टीम पाठवून द्यायची. पुढचं सगळं गेम आपोआप खेळून दाखवतो. त्यामुळे जिंकणं-हरणं ठरतं ते टीम लावायच्या मोजक्या मिनिटांत, आणि त्या मिनिटांत समोर असतात ते त्या लढतीचे नियम, म्हणजे रूलसेट. हा गेम २०१८ साली 'स्टीम मॉन्स्टर्स' या नावाने आला, पुढच्या वर्षी त्याचं नाव बदललं आणि २०२०मध्ये तो हाइव्ह ब्लॉकचेनवर गेला. या सगळ्या काळात रूलसेटची कल्पना मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटत आली आहे. तुमच्याकडे कितीही तगडी कार्डं असू देत, एक ओळीचा नियम येतो आणि त्यांची किंमत नव्याने मांडावी लागते.

ही लढत २०२२मधली, वाइल्ड फॉरमॅटमधली (जिथे जुनी-नवी सगळी कार्डं चालतात), खालच्या लीगमधली आहे. मी ती निवडली कारण तिच्यात दोन नियम एकमेकांत असे अडकले होते की नेहमीची सवय थेट उलटी पडत होती. समोरच्या खेळाडूने नियम वाचले होते, टीमही वाईट निवडली नव्हती. फरक पडला तो रांगेत.

समोर काय होतं

माना म्हणजे कार्ड लावायची किंमत, आणि पूर्ण टीमसाठी मानाची मर्यादा १८. पहिला नियम लिटल लीग: चार किंवा त्याहून कमी मानाचेच समनर आणि मॉन्स्टर चालतील. दुसरा इक्वलायझर: दोन्ही टीममध्ये मिळून ज्या मॉन्स्टरची मूळ हेल्थ सगळ्यात जास्त, तेवढीच सगळ्यांची. पृथ्वी, अग्नी आणि मृत्यू एवढेच गट खुले होते, बाकीचे बंद.

लिटल लीगबद्दल फार बोलायला नको. महागडे समनर आणि मोठे मॉन्स्टर बाहेर जातात, मोठं कलेक्शन असणाऱ्याचा जोर ओसरतो, एवढंच. मात्र एक हिशोब लगेच करून टाकावा. समनरला ४ आणि सहा मॉन्स्टरना प्रत्येकी ४ धरले तर जास्तीत जास्त २८ माना खर्च होऊ शकतो. मर्यादा २८ किंवा त्याच्या वर असेल तर मानाची चिंता संपली, सगळी उत्तम कार्डं लावा. इथे मर्यादा १८ होती. समनरचे ४ गेले की सहा जागांना १४ उरतात. म्हणजे टंचाई खरी होती आणि प्रत्येक मानाने काय विकत घेतोय ते बघणं भाग होतं.

आता इक्वलायझर. बरेच जण हा नियम वाचून म्हणतात, "चला, सगळे सारखे झाले." मला वाटतं इथेच विचार अर्धवट सुटतो. कार्डाच्या मानात हल्ला, स्पीड, आर्मर (हेल्थच्या आधी मार झेलणारं कवच), क्षमता आणि हेल्थ या सगळ्यांची किंमत धरलेली असते. हेल्थ सगळ्यांना फुकट वाटली गेली, की ज्या कार्डाने हेल्थसाठी माना मोजायला लावला ते कार्ड महाग झालं. ज्याने हल्ल्यासाठी माना मोजायला लावला आणि हेल्थ नावापुरती ठेवली, ते स्वस्त झालं. आणि ज्याला जवळपास काहीच माना लागत नाही, ते तर लॉटरी लागल्यासारखं.

आणखी एक बारकावा: समनरचा हेल्थ बोनस बरोबरी झाल्यानंतर चढतो. बरोबरी मूळ हेल्थची होते, बोनसची नाही. हा बारकावा पुढे नडता नडता राहिला.

टीम कशी बसवली

कार्डांची नावं सगळीकडे देत नाही, कारण वाचणाऱ्याचं कलेक्शन वेगळं असणार. काम महत्त्वाचं. नावं देतो ती फक्त चार-पाच, कारण ती या हिशोबात अगदी मध्यभागी आहेत.

समनर घेतला ऑब्सिडियन: पृथ्वी गट, ४ माना, आपल्या सगळ्या मॅजिक हल्ल्यांना अधिक १ (हल्ले तीन प्रकारचे: जवळून मेली, दुरून रेंज्ड आणि मॅजिक). छोट्या लीगमध्ये मॅजिक हल्ला बहुतेक वेळा १चाच असतो. त्यावर अधिक १ म्हणजे थेट दुप्पट. शिवाय मॅजिक आर्मरला जुमानत नाही आणि हुकतही नाही. आर्मर ही गोष्ट इक्वलायझरमध्ये सारखी होत नाही, म्हणजे समोरचा हेल्थऐवजी आर्मरवर माना टाकेल ही शक्यता होती. मॅजिक घेतल्यावर ती वाट आपोआप बंद झाली.

त्यानंतर शून्य आणि एक मानाची कार्डं. फ्युरियस चिकन शून्य मानाचं, आमच्या लेव्हलवर हल्ला काहीच नाही. क्रीपिंग ऊझ एक मानाचा, हल्ला १चा, पण त्याच्याकडे स्लो आहे: समोरच्या सगळ्यांचा स्पीड एकने कमी. एरवी ही दोन्ही एका फटक्यात आडवी होतात. इथे त्यांना मैदानातल्या सगळ्यात दणकट मॉन्स्टरएवढी हेल्थ मिळणार होती. एका मानात दोन पूर्ण वाढीचे देह! इक्वलायझरमध्ये ही दोन कार्डं हाताशी असताना न घेणं मला तरी पटत नाही.

उरलेल्या १३ मानात चार जागा. ३ मानाचा मेली हल्ला करणारा पुढे, हल्ला २चा. त्याची छापील हेल्थ बघितलीच नाही, फक्त हल्ला बघितला. ४ मानाचा टँक हीलर, म्हणजे पहिल्या जागेवर मार खाणाऱ्याची (टँकची) हेल्थ भरून काढणारा, जो मॅजिकने मारतोही. आणि ३-३ मानाचे दोन मॅजिकवाले, दोघेही अगदी कमी हेल्थचे म्हणून एरवी शेवटी वापरले जाणारे. ३, १, ४, ३, ३, ०. बेरीज १४.

मग रांग. पहिल्या जागेवर मेली, कारण मेलीवाला साधारणपणे तिथूनच मारू शकतो. सगळ्यात शेवटी चिकन. प्रतिस्पर्ध्याच्या अलीकडच्या लढती तेव्हा गेम दाखवत असे, आणि हा खेळाडू अग्नी गटाकडे झुकणारा होता. अग्नीत स्नीक असणारे मेलीवाले मिळतात आणि स्नीक थेट शेवटच्या जागेवर मारतो. तिथे शून्य मानाचं आमिष ठेवलं की समोरच्याचा एक पूर्ण हल्लेखोर आपण फुकटात गुंतवून ठेवतो.

दुसऱ्या जागेवर ऊझ. ही जागा ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. सवय सांगते ऊझ मागे. पण पुढचा मेलीवाला पडला की दुसऱ्या जागेवरचा पुढे येतो, आणि तिथे मॅजिकवाला आला तर माझा मारणारा माणूस मार खायला उभा राहतो. ऊझ पुढे आला तर त्याच्याकडे हेल्थ पूर्ण, माना एक, आणि मेली असल्याने पहिल्या जागेवर आल्यावर त्याचा तो १चा हल्लाही जिवंत होतो. ऊझनंतर हीलर, मग दोन मॅजिकवाले.

एक धोका जाणूनबुजून घेतला. मृत्यू गट खुला होता आणि तिथे थॅडियस ब्रूड हा ४ मानाचा समनर आहे. तो समोरच्यांचा मॅजिक हल्ला आणि हेल्थ, दोन्ही एकने कमी करतो. तो आला असता तर माझे २चे हल्ले १वर आले असते, म्हणजे टीमचा निम्मा दम गेला असता. पण प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या लढतींत मृत्यू गट फारसा दिसत नव्हता. तो वरचेवर दिसला असता तर मी ऑब्सिडियन लावला नसता.

समोर काय आलं

अंदाज बरोबर निघाला: अग्नी, समनर टार्सा. टार्सा म्हणजे मेलीला अधिक १ आणि हेल्थला अधिक १, तोही ४ मानाचा. त्याची रांग अशी: ४ मानाचा टँक, बोनस धरून ३चा मेली हल्ला, मग ऑपॉर्च्युनिटीवाला मेली, जो समोरच्या सगळ्यात कमी हेल्थच्या मॉन्स्टरवर धावतो, हल्ला २, मग २चा रेंज्ड, मग २चा स्नीक, आणि शेवटी चिकन, ऊझ. त्याचीही बेरीज १४.

मैदानातली सगळ्यात जास्त मूळ हेल्थ त्याच्या टँकची होती: ६. म्हणजे माझे सहाच्या सहा ६वर गेले. माझ्या टीमची छापील हेल्थची बेरीज १४ होती, ती ३६ झाली. त्याने टँकच्या हेल्थसाठी मोजलेला माना मलाही तितकाच लाभला.

पण टार्साचा बोनस फक्त त्याचा होता. त्याचे सगळे ७वर. आता माझा हिशोब बघा: तीन मॅजिक हल्ले, प्रत्येकी २, एका फेरीत ६. बोनस नसता तर प्रत्येक फेरीत समोरचा एक मॉन्स्टर बरोब्बर पडला असता. ७ हेल्थमुळे प्रत्येक जण एकावर येऊन वाचणार होता. समोरच्या खेळाडूचा हा निर्णय उत्तम होता आणि माझी टीम त्या एका आकड्यावर अडखळू शकली असती. ती अडखळली नाही, कारण पुढे उभा असलेला मेलीवाला.

लढत, फेरी-फेरीने

पहिल्या फेरीत त्याचे वेगवान मॉन्स्टर आधी धावले. स्नीकने चिकनला ६वरून ४वर आणलं. ऑपॉर्च्युनिटीवाल्याला सगळ्यात कमी हेल्थ दिसली तीही चिकनचीच, म्हणून ४वरून २. त्याचे दोन चांगले हल्ले, दोन्ही शून्य मानाच्या कार्डावर. रेंज्डने माझ्या पुढच्याला ४वर आणलं. माझ्या दोन मॅजिकवाल्यांनी टँकला ७वरून ३वर आणलं. टँकने माझ्या पुढच्याला ३चा फटका मारला, उरला १. हीलरने त्याला २ परत दिले, ३ झाले, आणि टँकला मारून १वर आणलं. मग माझा मेलीवाला, सगळ्यात शेवटी: टँक पडला.

दुसऱ्या फेरीत चिकन गेलं. ऑपॉर्च्युनिटीने माझ्या पुढच्याला १वर आणलं आणि रेंज्डने संपवलं. ऊझ पुढे आला, पूर्ण ६ हेल्थसह. माझ्या तिन्ही मॅजिक हल्ल्यांनी ऑपॉर्च्युनिटीवाल्याला ७वरून १वर आणलं. आणि ऊझने, त्या एक मानाच्या कार्डाने, तो शेवटचा १ काढला.

इथे नशिबाचा भाग आहे आणि तो मोजता येतो. मेली किंवा रेंज्ड हल्ला करणाऱ्यापेक्षा समोरचा जितका वेगवान, तितक्या प्रत्येक पॉइंटला हल्ला हुकण्याची शक्यता १० टक्के वाढते. ऑपॉर्च्युनिटीवाल्याचा स्पीड ४, माझ्या ऊझच्या स्लोमुळे ३. ऊझचा स्वतःचा १. म्हणजे हुकण्याची शक्यता २० टक्के. स्लो नसता तर ३०. स्लोचं मोल मी इथे धरतो: माझ्याच सगळ्यात मंद मॉन्स्टरचा फटका बसण्याची शक्यता त्याने वाढवली.

तिसऱ्या फेरीत त्याचा रेंज्ड पहिल्या जागेवर आला होता. रेंज्डला पहिल्या जागेवरून हल्ला करता येत नाही, त्यामुळे तो नुसता उभा राहिला. त्याच्या टीममध्ये मारणारा एकच उरला, स्नीक, आणि त्याने माझ्या शेवटच्या मॅजिकवाल्याला ४वर आणलं. मी रेंज्ड पाडला, पुन्हा तसाच: सहा मॅजिकचे, एक ऊझचा. चौथ्या फेरीत स्नीकवर ऊझचा वार हुकला (तिथे शक्यता ३० टक्के होती), म्हणून स्नीक एक फेरी जास्त जगला आणि पाचव्यात माझा एक मॅजिकवाला घेऊन गेला. त्याच फेरीत स्नीकही पडला. त्यानंतर त्याच्याकडे फक्त चिकन आणि ऊझ उरले. दोघेही ७ हेल्थचे. त्यातलं एक मारूच शकत नव्हतं आणि दुसऱ्याचा २चा हल्ला माझा हीलर दर फेरीत भरून काढत होता. आठव्या फेरीत लढत संपली, माझे तीन शिल्लक.

निकाल कुठे फिरला

त्याच्या टीमकडे पुन्हा बघा. दोन सगळ्यात स्वस्त देह, प्रत्येकी ७ हेल्थ, रांगेच्या शेवटी. का? कारण एरवी ते तिथेच असतात. चिकन आणि ऊझ मागे ठेवायचे ते स्नीकचं आमिष म्हणून, आणि पुढे ठेवले तर लगेच पडतात म्हणूनही. पण ऑब्सिडियनच्या टीममध्ये स्नीक असेलच असं नाही, माझ्याकडे तर एकही नव्हता. त्याच्या आमिषाला खाणारं कोणी नव्हतं. उलट त्याचे तीन खरे हल्लेखोर एकामागून एक पुढे येऊन माझ्या माऱ्यात सापडले, आणि १४ हेल्थच्या दोन भिंती त्यांच्या मागे शेवटपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या.

त्याच सहा कार्डांची रांग मी नंतर कागदावर बदलून पाहिली: टँक, ऊझ, चिकन, मग ऑपॉर्च्युनिटी, स्नीक आणि सगळ्यात शेवटी रेंज्ड. टँक पडल्यावर मला दोन फेऱ्या त्या भिंती फोडण्यात घालवाव्या लागतात, आणि त्या दोन्ही फेऱ्यांत त्याचे तिन्ही हल्लेखोर पूर्ण ताकदीने मारत राहतात. मोजलं तर प्रत्येक फेरीत ६चा मारा. सगळे फटके बसले असं धरलं तरी माझ्याकडे शेवटी एकटा हीलर उरतो. मधल्या फेऱ्यांत ऊझचा एखादा वार हुकला की लढत त्याची. एकही कार्ड न बदलता!

हीलरबद्दलही यातून एक गोष्ट कळते. प्रत्यक्ष लढतीत त्याच्या हीलने निकालाला फारसा हात लावला नाही, त्याचा मॅजिक हल्ला मात्र प्रत्येक फेरीत लागला. त्या ४ मानात सगळ्यांना अधिक १ हेल्थ देणारा, म्हणजे स्ट्रेंगदनवाला मॅजिकवाला मिळाला असता, तर टार्साच्या बोनसची तिथल्या तिथे परतफेड झाली असती, कारण स्ट्रेंगदनही बरोबरीच्या वर चढतो. चिकन आणखी एक हल्ला झेलून गेलं असतं. पण कागदावरच्या त्या दुसऱ्या रांगेसमोर हीलरच तारतो. हील कमाल हेल्थच्या एक तृतीयांश असतं, त्यामुळे बरोबरीचा आकडा जितका मोठा तितका हीलर जड होत जातो. ६वर दोन्ही पर्याय जवळजवळ तोडीस तोड आहेत. लिटल लीग नसलेल्या इक्वलायझरमध्ये, जिथे हेल्थ सहज दोन आकड्यांत जाते, तिथे मी डोळे झाकून हीलर घेतो.

तिसरा नियम आला असता तर

मधल्या आणि वरच्या लीगमध्ये दोनाऐवजी तीन नियम येणं नेहमीचं आहे, आणि तेव्हा हीच टीम जशीच्या तशी चालत नाही. बॅक टू बेसिक्स आला, म्हणजे सगळ्यांच्या क्षमता गेल्या, तर स्नीक, ऑपॉर्च्युनिटी, स्लो, टँक हील सगळं पुसलं जातं. मग चिकन मागे ठेवण्याला काहीच अर्थ नाही, त्याची जागा पुढे, शून्य मानाची भिंत म्हणून. हीलरचे ४ मानाही सोडायचे आणि तिथे निव्वळ हल्ला घ्यायचा. सुपर स्नीक आला, की सगळे मेलीवाले शेवटच्या जागेवर मारतात: चिकन शेवटी, त्याच्या पुढेच ऊझ, आणि पहिल्या जागेवर रेंज्ड सोडून कोणीही चालेल. नॉक्शियस फ्युम्समध्ये सगळे सुरुवातीपासून विषबाधित असतात आणि दर फेरीला २ हेल्थ जाते. ६ हेल्थचा कोणीच फार फेऱ्या बघत नाही, त्यामुळे मार खाणारा देह निरुपयोगी ठरतो. तिथे चिकन घ्यायचंच नाही, १४ माना वेगवान हल्लेखोरांवर ओतायचे.

माझा वाचायचा क्रम ठरलेला आहे. आधी कोणती कार्डं बाद झाली ते. मग कोणता गुण फुकट झाला आणि कोणता वाया गेला ते. आणि सगळ्यात शेवटी कोण कोणाला मारणार ते, कारण रांग त्यावर लागते. या लढतीत समोरच्याने पहिल्या दोन गोष्टी नीट वाचल्या होत्या. टार्सा निवडणं हा त्याचा पुरावा आहे. शून्य आणि एक मानाची कार्डंही त्याने ओळखून घेतली होती. फक्त ती त्या दिवशी आमिष नव्हती, टँक होती, आणि त्यांची जागा पहिल्या टँकच्या लगेच मागे होती.